कर्सरचा बंदोबस्त

३ मार्च, मंगळवार. दुपारी १.३०
आज कॉम्प्युटरनं हद्द केली. मी खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन विचार करत होतो. (बायकोच्या मते घोरत होतो.) पेपर जरा सरकला आणि बघतो तो काय, माउसला कुणाचा हात नाही, तरी स्क्रीनवरचा कर्सर आपला आपण निघाला. कोपऱ्यात गेला, मी टाकलेल्या चार साफसफाईच्या प्रोग्रामांपैकी एक काढून टाकला आणि साळसूदासारखा जागेवर येऊन उभा राहिला.

हे चार प्रोग्राम मी रविवारी दिवसभर खपून टाकले होते. चारही फुकट. एकाची भाषा वाचता येत नाही, पण चित्रात झाडू आहे. कारण काय, तर शनिवारी बायकोचा ऑनलाइन शिवणक्लास तीनदा बंद पडला. ती पंचवीस बायकांना बाही कापायला शिकवते. कात्री ही कॉम्प्युटरवरून शिकवायची वस्तू नाही, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. प्रोग्राम टाकल्यापासून कॉम्प्युटर जड चालतो, म्हणजे आत कसून साफसफाई चालू आहे.

बायकोला बोलावून दाखवलं. स्क्रीनकडे न बघताच म्हणाली, पंख्याच्या वाऱ्यानं हलला असेल. अडतीस वर्षं मी या बुद्धीबरोबर संसार केला.

चौतीस वर्षं इन्स्पेक्टर म्हणून लिफ्ट तपासल्या. लोक सांगायचे, साहेब, आमची लिफ्ट आपोआप चौथ्या मजल्यावर जाते. आपोआप काही जात नाही. कुणीतरी बटण दाबलेलं असतं.

निश्चय: तीन दिवसांत छडा लावायचा. रिपेअरवाल्याला बोलवायचं नाही. गेल्या खेपेला त्यानं येऊन मॉनिटरचं बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसला.

४ मार्च, बुधवार
नवी वही सुरू केली. रकाने: तारीख, वेळ, हालचाल, शेरा. सकाळी नऊ ते बारा डोळ्यांत तेल घालून बसलो. हालचाल: निरंक. शेरा: समोरच्याला माझा धाक बसलेला दिसतो.

बायको म्हणाली, मुलीला विचारा की. विषय तिथंच संपवला.

मुलगी एका कॉम्प्युटर कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे. म्हणजे लोकांचे फोन घेते. आठ महिन्यांपूर्वी जेवताना तिनं जाहीर केलं की ती आता टीमची प्रमुख झाली. जावई होता, जावयाचे आईवडील होते. मी एवढंच म्हणालो, म्हणजे बारा टेलिफोन ऑपरेटरांची मुकादम. विनोद होता. जावयाचे वडील हसलेही. ही ताटावरून उठली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. मी घराबाहेर पडलो की आईला फोन करते.

माफी तिनं मागायची आहे. मी वाट बघत नाही. फोन शर्टाच्या खिशात ठेवतो तो सवयीनं.

५ मार्च, गुरुवार
दुपारी एक वाजता बायको मागे लागली की अंघोळ करून घ्या. सकाळी सातला झाली होती. म्हणाली, उकडतंय, पुन्हा करा, छान वाटेल. केली. बाहेर येतो तर आणखी दोन प्रोग्राम गायब! शिवाय स्क्रीनवर माझ्या दोनशे बारा फाइली मी माझ्या पद्धतीनं पसरून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या गोळा करून तीन फोल्डरांत कोंबलेल्या. फोल्डरांची नावं: ‘बाबांचे फोटो’, ‘बाबांची पत्रं’, ‘बाबांचं इतर’.

आता शंका उरली नाही. हॅकर. आणि साधासुधा नाही, या घरात कुणी तरी बाप आहे इथपर्यंत माहिती काढलेला.

पासवर्ड बदलला. विसरू नये म्हणून कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. सुरक्षेचा विचार करून मागच्या बाजूला.

७ मार्च, शनिवार
बायकोचा क्लास दीड तास अखंड चालला. एकदाही अडकला नाही. पासवर्डचा परिणाम. क्लास संपल्यावर ती म्हणाली, देवासारखी धावून आली. कोण, विचारलं तर म्हणाली, लाइट. माझ्या कामाचं श्रेय या घरात लाइटला जातं.

९ मार्च, सोमवार
रंगेहाथ पकडलं!

भर उन्हात मला बटणं आणायला पिटाळलं होतं. चपलेचा अंगठा तुटला, अर्ध्या वाटेतून परतलो. बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात कुणाशी तरी फोनवर. इकडे कर्सर कामाला लागलेला. मी दाराआड उभा राहिलो. अकरा मिनिटं निरीक्षण केलं.

वहीत खरं तेच लिहितो. हात चांगला आहे. जिथं जायचं तिथंच सरळ जातो. उगाच चार ठिकाणी क्लिक नाही, घुटमळणं नाही. एक काम पूर्ण, मग दुसरं. माझ्या हाताखाली सव्वीस माणसं होती. स्क्रू आवळायला सांगावा तर आधी चहा प्यायची. त्यांत असा हात एकाचाही नव्हता.

चोरांना शिस्त आणि आमच्या पोरांना फोन उचलायची नोकरी. चालायचंच.

१० मार्च, मंगळवार. दुपारी १.०५
आज अंघोळ नाकारली. समोरासमोर.

माउसची वायर काढून बघितली, तरी कर्सर हलतो. परत लावली. काल त्यानं चौथा प्रोग्रामही काढला होता. झाडूवाला. मी परत टाकला. त्यानं काढला. मी टाकला. त्यानं काढला. असं पाच वेळा झालं. मी मागे हटणाऱ्यातला नाही.

१.४०
त्यानं कोरं पान उघडलं आणि त्यावर अक्षरं उमटली: ‘बाबा, प्लीज हा परत टाकू नका. याच्यामुळेच सगळं बिघडतंय.’

बाबा! निर्लज्जपणाची कमाल. या लोकांना तसं शिकवलेलंच असतं. आधी नातं लावायचं, मग गळा कापायचा. मी एका बोटानं उत्तर टाइप केलं: ‘तू कोण आहेस ते मी ओळखलंय.’

कर्सर नुसता लुकलुकत होता. मग अक्षरं आली: ‘खरंच?’

मी लिहिलं: ‘होय. आणि वर तक्रार करणार आहे.’

मग ‘बरं’. आणि पान बंद.

पळाला! बायकोला विजयाची बातमी दिली. तिनं डोक्याला हात लावला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. भेदरली असावी.

१२ मार्च, गुरुवार
दोन दिवस हालचाल नाही. झाडूवाला प्रोग्राम निर्धोक कामाला लागला आहे. कॉम्प्युटर सुरू व्हायला बावीस मिनिटं लागतात आणि मध्येच टकलावर केस उगवण्याच्या जाहिराती येतात. बायको म्हणते, शनिवारी क्लास झाला नाही तर पंचवीस बायकांना तुम्ही तोंड दाखवा.

तक्रार अर्ज तीन प्रतींत लिहिला. पाठवला नाही. त्यात संशयिताचं वर्णन द्यावं लागतं आणि माझ्याकडे फक्त कर्सरचं आहे.

त्यापेक्षा दुसरा डाव. गुन्हेगाराला आधी विश्वासात घ्यायचं. दीड तास बसून पत्र टाइप केलं आणि स्क्रीनवर उघडं ठेवलं. नक्कल:

‘तुझा हात मी पाहिला. मी माणसं पारखण्यात आयुष्य घालवलं आहे, उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. इतकं स्वच्छ काम मी बघितलेलं नाही. अशा माणसानं वाईट मार्गाला लागावं याचं वाईट वाटतं. मला एक मुलगी आहे. तीही याच क्षेत्रात आहे असं म्हणते. तिला तुझ्या निम्मं जरी आलं असतं तरी मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगितलं असतं.’

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम. समोरचा हळवा झाला की चुका करतो. मग स्वतःहून फिरायला गेलो. बायको दारापर्यंत बघायला आली, बरं आहे ना म्हणून.

१४ मार्च, शनिवार. दुपारी १.५०
डाव साधला. आज आला.

झाडूवाला साफ काढला. आणखी कुठं कुठं शिरून काय काय केलं. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, मध्ये पडलो नाही. शेवटी माझं पत्र पुढे आणलं आणि खाली एक ओळ लिहिली: ‘वाचलं. आता कॉम्प्युटर त्रास देणार नाही.’

मग स्क्रीनवर चौकट आली. ‘आपले काम पूर्ण झाले, सेशन संपले. आमच्या कर्मचाऱ्याची सेवा कशी वाटली? एक ते पाच गुण द्या.’ वर कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव.

पहिलं नाव मुलीचं. मधलं माझं. आडनाव आमचं.

२.१०
नावासारखी नावं असतात.

२.३०
नसतात. बायकोला विचारलं.

तिनंच मुलीला कॉम्प्युटर बघायला सांगितलं होतं. माझं नाव काढू नकोस, बाबा प्लग काढून टाकतील, असं मुलगीच म्हणाली. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आमचा कॉम्प्युटर साफ करत होती. परवाचं पत्र तिनं आईला फोनवर वाचून दाखवलं. ‘इतकं स्वच्छ काम’ हे दोनदा वाचलं म्हणे. मग ‘निम्मं जरी’पर्यंत आली आणि पुढचं वाचलं नाही.

मी म्हणालो, मला काय माहीत ती आहे. बायको म्हणाली, तेच तर. माहीत नव्हतं तेव्हाच चांगलं बोललात.

लग्नानंतर तिनं नाव बदललं असेल असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नव्हतं.

२.५०
गुण द्यायचे राहिले होते. चार दिले.

पाच द्यायला हरकत नव्हती. पण पाच दिले की माणूस तिथंच थांबतो. सुधारणेला जागा ठेवावी. बटण दाबताच अक्षरं आली: ‘आपले मत नोंदवले आहे. आता बदल करता येणार नाही.’

बायको मागे उभी होती. मला उठवून क्लासला बसली. क्लास उत्तम झाला.

१६ मार्च, सोमवार
कॉम्प्युटर झकास चालतो. एक ते दोन समोर बसलो. कर्सर जागचा हलला नाही. वहीत निरंक लिहिलं. मुलीला फोन केला, उचलला नाही. कामात असेल.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी ११.२०
चाराचे पाच करून घ्यायचे. निश्चय. तिच्या ऑफिसचा हेल्पडेस्कचा नंबर लावला. पस्तीस मिनिटं संगीत. मग एक माणूस आला. नवा असावा, मी इन्स्पेक्टरचा आवाज लावल्यावर उभा राहिल्याचं मला ऐकू आलं.

म्हणाला, गुण बदलत नाहीत सर. पाचाच्या खाली आले की कर्मचाऱ्याला खुलासा द्यावा लागतो, नियम आहे. मी म्हणालो, असला कसला नियम, चार म्हणजे उत्तम. म्हणाला, आमच्याकडे चार म्हणजे तक्रार, सर. मॅडमना आयुष्यात पहिल्यांदाच चार पडले. त्यांनी खुलासा कालच दिलाय.

वाचून दाखव, म्हणालो. त्याला तसं करता येत नव्हतं. मी पुन्हा आवाज लावला. त्यानं वाचलं: ‘या ग्राहकांनी आजवर कुणालाच चार दिलेले नाहीत. त्यांच्याकडून चार म्हणजे पुष्कळ झाले. तक्रार मानू नये.’

मी ते वहीत उतरवून घेतलं. तो हॅलो हॅलो करत होता.

मग म्हणाला, सर, तुम्ही आहातच तर एक काम करता का. ‘ग्राहकाशी नाते’ हा रकाना मॅडमनी मोकळा सोडलाय. फॉर्म पुढे जात नाहीये. तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, मी भरतो.

सांगतो म्हणालो. घसा खाकरला. तेवढ्यात फोन कट झाला.

११.२८
पुन्हा लावला आहे. तुमचा क्रमांक एकोणिसावा आहे, असं एक बाई दर मिनिटाला सांगते. मी थांबलोय.