पुनवेनंतरची होडी

प्रिय धीरज,

फोनवर तू ‘बगू’ म्हणतोस आणि मी दुसराच विषय काढते, म्हणून लिहिते आहे. हेमांगीताई सरावलीला तुझ्या खोलीजवळच राहतात. तुझी शिफ्ट सुटली की हे पत्र त्या तुझ्या हातात देतील.

येत्या रविवारी विरारची मंडळी मला पाहायला येणार आहेत, हे तुला ठाऊक आहे. आईने चादरी धुऊन ठेवल्या, बाबांनी वाडीतले चिकू उतरवून पिकत घातले. माझे मात्र कशात लक्ष लागत नाही. पुस्तक उघडते, तेच पान पुन्हा वाचते, मिटते. मैत्रीण हेतलने मन रमावे म्हणून मोबाइलवर एक नवा युद्धखेळ घालून दिला. त्यात विचार करायला बसले की कोपऱ्यातले घड्याळ धावू लागते, आणि थांबले तर गाव लुटले जाते. रस्ते आखायचे नाहीत, कोठारात धान्य किती उरले ते पाहायचे नाही. नुसते बोट आपटत राहायचे. मी तो काढून टाकला आणि काल बोईसरला हेमांगीताईंच्या संगणक क्लासमध्ये गेले.

कोपऱ्यातला आपला जुना संगणक अजून चालतो. सुरू व्हायला तसाच वेळ घेतो. आपण त्यावर खेळायचो त्या राज्य उभारायच्या खेळाचे जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तकही फळीवर आहे, समासात माझ्या पेन्सिलीने लिहिलेल्या अर्थांसकट. मराठी शाळेतून आलेली मी, शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचत असे. पाटबंधारे, जकात, रसद, सैन्याचे मनोधैर्य हे सगळे इंग्रजी शब्द मी त्या खेळासाठीच शिकले. तू सकाळी आयटीआयला जाण्याआधी तुझी पाळी खेळून जायचास, मी दुपारी कॉलेजहून येऊन माझी. कित्येक महिने आपण एकमेकांना फक्त नकाशावरच भेटत होतो, आपापल्या गावांची नावे दिलेल्या शहरांत. तू नवा रस्ता माझ्या चिंचणीपर्यंत आणून सोडलेला दिसला की मी दिवसभर आपल्याशीच हसत असे. दुसऱ्याने खेळी केल्याशिवाय तिथले वर्ष पुढे सरकत नसे, आणि त्या थांबण्याचा कधी त्रास झाला नाही.

त्रास झाला तो पहिल्या पावसाळ्यात. माझ्या बेटाला शत्रूने वेढा दिला होता आणि मदतीला येऊ शकणारी तुझी गलबते तुझ्या मुरब्याच्या बंदरात स्वस्थ उभी. मी चिठ्ठी ठेवली, तेव्हा तू पहिल्यांदा मला भेटायला दुपारपर्यंत थांबलास आणि खाली मान घालून म्हणालास, “पुनवेआधी होडी काढायची नाय. आमच्यात नाय चालत.” संगणकातल्या होड्यांनाही तो नियम! बेट गेले. नारळी पौर्णिमेला तू खरोखरच नारळ घेऊन आलास. कीबोर्डावर पाणी सांडेल म्हणून हेमांगीताईंनी तुला दाराबाहेर पिटाळले, आणि पायरीवर फोडलेल्या त्या नारळाचा सगळ्यात मोठा तुकडा स्वतःच खाल्ला. मग आपण दोघांनी शेजारी बसून गलबते हलवली. त्या दिवशी मला बेटाचे काहीच वाटले नाही.

म्हणूनच या वर्षी तू “पुनव झाल्यावर तुझ्या बाबांशी बोलतो” म्हणालास, तेव्हा मी मुकाट्याने मान डोलावली. पुनव होऊन गेली. मुरब्याच्या होड्या कधीच्या पाण्यात उतरल्या. बाजारात ताजी मासळी आली, आईने दोनदा आणलीही. काल तो जुना डाव उघडला, तर पडद्यावर पाळीपुढे अजून तुझेच नाव होते. तुझ्या होड्या तशाच उभ्या आहेत. मला त्या सहज हलवता आल्या असत्या, पण मी हात लावला नाही.

माझी खेळी मात्र मी केली आहे. आज सकाळी बाबा ओसरीवर चिकू चाचपत असताना मी त्यांना तुझे नाव सांगितले, गाव सांगितले, तुमची माणसे मासेमारी करणारी आहेत तेही सांगितले. मी इतक्या घाईने बोलले की त्यांनी मला सगळे दुसऱ्यांदा सांगायला लावले. मग ते पिकलेले चिकू वेगळे काढू लागले. आई दारात उभी होती. तिने फक्त त्या घरात मासळी कोण साफ करणार ते विचारले, आणि मला रडावे की हसावे कळेना. शेवटी बाबा म्हणाले, “त्याला तोंड हाय ना? मग आयतवाराच्या आधी येऊन बोलू दे. नाय आला, तर मी विरारच्यांना नाय म्हणायचा नाय.” त्यांनी दार लावून घेतलेले नाही, धीरज, पण ते फार वेळ उघडेही ठेवणार नाहीत. शनिवारी ये. येताना नारळ आण. आमच्या वाडीत ते ढिगाने पडलेत, पण मला तू आणलेला हवा आहे.

आपली पाळी संपवून वाटेकडे डोळे लावलेली,
तुझीच
चारुता