दाराआडचा पाट

माय, दूध संकलन आता आपल्या ओसरीत होत नाही, संस्थेची स्वतःची खोली झाली आहे. पण आज ओसरी आवरताना दाराआडचा तुझा पाट हाती लागला आणि मी खालीच बसलो. तुला एक सांगायचं राहिलं आहे. ते सांगायला मला इतकी वर्षं लागली याचीच आधी लाज वाटते.

दुष्काळाचं ते वर्ष. निम्म्या गावाची जनावरं चारा छावणीवर होती, दूध रोज घटत होतं, आणि आणखी घटलं तर तालुक्याचा दूध संघ आपलं केंद्र बंद करणार होता. मी संस्थेचा सचिव. त्यातच तुझ्या छातीत गाठ निघाली. शिरूरहून एसटी धरून आपण दर तीन आठवड्यांनी शहरातल्या दवाखान्यात जायचो. सलाईन चालू असताना तिथल्या नर्सबाई मला समोर बसवून बजावायच्या. गाठीचं काय ते औषध बघेल, ते चुकवायचं नाही, पण बाकीचं माणूस तुम्ही सांभाळायचं. थोडं थोडं पण चार-पाच वेळा खायला द्या, रोज चालवा, मुंग्या येतात त्या पायांना तेल चोळा, आणि माणसांत बसवा. हा आजार शिवल्याने लागत नाही, हेही त्या प्रत्येक खेपेला सांगायच्या. मी मान डोलवायचो.

पहिल्या तीन गोष्टी मी मनापासून केल्या. मुगाची पातळ खिचडी शिकलो, हात धरून तुला परसात फिरवलं, पायांना तेल लावलं. चौथी केली नाही. तू रोज कॅनपाशी बसायचीस, नुसत्या वासावरून सांगायचीस की हिच्या म्हशीला आज कडब्याशिवाय काही मिळालेलं नाही. तुझे केस गेले आणि मी म्हणालो, बायका कुजबुजतायत, तू इथं बसलीस तर दूध दुसऱ्या गावाला नेतील. तू एकदाच विचारलंस, "कोण म्हन्लं रे?" मी म्हणालो, सगळेच. मग तू पाट उचललास आणि आतल्या दाराआड जाऊन बसलीस.

तिथूनही तू चरवीच्या आवाजावरून बाई ओळखायचीस. एका सकाळी शेजारची म्हातारी आली, हातात चरवी नाही. तिची म्हैस आटलेली, ती तुलाच भेटायला आली होती. "कावून कोंडून ठेवलंस रं तिला? आण बाहीर. लई दिस झाले, आमी बोललो न्हाई." मी म्हणालो, डॉक्टरांनी मनाई केली आहे. दाराआड तुझ्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी तुलाच विचारलं, माणसांत बसता ना? मी फरशीकडे बघत होतो. तू म्हणालीस, "बसते की. रोज बाया येत्यात, लई बोलत्यात." परतताना एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. तू चार शब्द सुनावले असतेस तर मला सोपं गेलं असतं.

माणसांत बसली असतीस तर आणखी जगली असतीस, असं मी म्हणत नाही. ते मला कळत नाही. पण जे दिवस औषधाने तुला मिळवून दिले ते तुझे होते, आणि मी ते तुला दाराआड काढायला लावले. केंद्र वाचलं. ते तसंही वाचलं असतं.

कारण कुणीच कुजबुजलं नव्हतं, माय. तुला तिथून सगळं ऐकू यायचं, म्हणजे तुला ते ठाऊकच होतं. तरी तू पाट बाहेर आणला नाहीस.

हा कागद घडी घालून पाटाखाली ठेवतो. आणखी एक राहिलं. तुझा पेला मी वेगळ्या फळीवर ठेवायचो आणि तो विसळला की साबणाने हात धुवायचो. एकदा तू ते बघितलंस. दुसऱ्या दिवसापासून तुझा पेला तूच धुवायला लागलीस, आणि मी धुवू दिला.