वरच्या डेकवरची जागा

४ मार्च, बुधवार

ठरलं. चार दिवस यॉट भाड्याने घ्यायची — कप्तान, खलाशी, स्वयंपाकी, सगळ्यांसकट. मी आणि बायको. एकतीस वर्षं जहाजाच्या पोटात भांडी आपटली, वरच्या डेकवर गेलो ते फक्त ट्रे घेऊन. आता मी बसणार आणि दुसरा कुणीतरी ट्रे आणणार. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं!

५ मार्च

मुलगी हसली नाही, चिडली. "बाबा, हे काय नवं खूळ? आणि मध्ये ब्रोकर कशाला? टोपी घालेल तुम्हाला." मेव्हणा म्हणाला, "जन्मभर समुद्रात राहून हौस फिटली नाही वाटतं." नाही फिटली. समुद्र मी पाहिला कधी? स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून, तीही वाफेने धुरकटलेली.

हिला विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. "बघा तुम्ही," म्हणाली. म्हणजे होच.

९ मार्च

ब्रोकरबाईंच्या ऑफिसात गेलो. जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या, भिंतभर बोटींचे फोटो. बाई पस्तिशीच्या, चटपटीत. मी सावधच बसलो होतो. एक देखणी, पांढरीशुभ्र बोट निवडली, तर बाई म्हणाल्या, "ही नको, काका. हिचा कप्तान आणि स्वयंपाकी एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्या जेवणाचा विचका होईल."

हे त्यांना ठाऊक! असलं जहाज मी दोन वर्षं भोगलंय. तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी सुचवलेली जुनी, रुंद बोट पक्की केली.

१० मार्च

मुलीचा फोन. घेतला नाही.

१२ मार्च

बाईंनी आवडीनिवडीचे फॉर्म पाठवले, माणशी एक. बोटीवरचा स्वयंपाकी ते वाचूनच सामान भरतो. दुपारभर बसून दोन्ही भरले.

१३ मार्च

फजिती. बाईंचा फोन — "काका, मी आवडी विचारल्या होत्या. तुम्ही तर सामानाची यादी पाठवलीत. कांदे इतके, मासे पहिल्या दोन दिवसांत संपवा, पालेभाजी ओल्या गोणपाटात..." हात सवयीने चालला. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि काकूंच्या फॉर्मवर एकच ओळ?"

"जे असेल ते चालेल." मीच लिहिली होती. स्वयंपाक्याच्या डोक्यात तिडीक जावी असं हे उत्तर, आणि ते मी लिहिलं, कारण मला आठवेचना. वर्षातले दोन महिने घरी यायचो. ही माझ्या आवडीचं रांधायची, मी ताव मारायचो. हिला काय आवडतं?

१४ मार्च

विचारलं हिला. लाज वाटली, पण विचारलं. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "मीच भरते. बाईंचा नंबर द्या." आतल्या खोलीत दार लावून अर्धा तास बोलत होती. हसण्याचा आवाजही आला. काय लिहिलंस विचारलं, तर "तुम्हाला कशाला?"

मी चिडलो नाही. अवघड गेलं.

२० मार्च

मेव्हण्याचा पुन्हा टोमणा. "राजेसाहेब कधी निघणार?" म्हटलं, एक तारखेला, आणि तू किनाऱ्यावर हात हलवायला यायचंस. गॉगल आणलाय. मुलगी म्हणते या वयात शोभत नाही. तोच घालणार!

२४ मार्च

पक्के कागद आले. पाहुणे दोन. पहिली ही. दुसरी हिची धाकटी बहीण.

"चुकलंय," मी म्हटलं.

"चुकलं नाही. तुम्ही एकतीस वर्षं गेलात. मी चार दिवस जाते." आवाज चढवला नाही.

खाली रकाना होता — अडीअडचणीला घरी कुणाला कळवायचं? माझ्या प्रत्येक जहाजाच्या कागदावर तिथे तिचं नाव असायचं. आज तिच्या अक्षरात माझं होतं.

सही केली.