तीच काच दुसऱ्यांदा

पप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं काम आठवावं लागतं. दवाखान्यातली ती अंधारी खोली, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, स्टुलावर अंग चोरून बसलेला माणूस, त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम, आणि तुम्ही एकेक काच बदलत विचारताय, "आता बरं दिसतंय, का मघाशी बरं हुतं?" चष्म्याचा नंबर काढणं हे डोळ्यांचं काम आहे असं लोकांना वाटतं. तुम्ही म्हणायचात, निम्मं काम भीतीचं हाय. माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो. आपल्याला काय दिसतं ते सांगत नाही, साहेबाला काय आवडेल ते सांगतो. म्हणून तुम्ही मधेच काच काढायचात, पुसायचात आणि तीच परत बसवायचात. "हां, आता लई साफ!" म्हणणारे रोज भेटायचे. मला हसू आवरायचं नाही. तुम्ही मात्र कधी हसला नाहीत.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर जामखेडच्या शिबिराला आले होते, आठवतं? शाळेच्या पत्र्याखाली ऊन नुसतं भाजून काढत होतं. एका आजींना मी काच लावली आणि विचारलं, चांगलं दिसतंय का. विचारताना माझी मान आपोआप डोलली. आजी लगेच म्हणाल्या, "व्हय व्हय, झ्याक दिसतंय." तुम्ही माझ्या हातातला काचांचा डबा काढून घेतलात. "मान हालवू नको. आता ती तुझ्या डोळ्यांनी बघंल, आन् घरी गेल्यावर सुईत दोरा जायाचा न्हाई." मग आजींकडे पाठ करून दाराबाहेर बघत उभे राहिलात. "सावकाश सांगा, आजी. न्हाई दिसलं तर न्हाई म्हना, कुनी रागवायचं न्हाई." आजींनी डोळे किलकिले करून पुन्हा तक्त्याकडे बघितलं. शेवटी म्हणाल्या, "धुरकट हाय, सायेब." चारचौघांत बोललात म्हणून मी इतकी चिडले, की परतीच्या टेम्पोत नगर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

त्याच वर्षी सोनईचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला, माणसं सज्जन. चर्चमधून बाहेर पडेपर्यंत निम्म्या बायकांनी आईचं अभिनंदन करून टाकलं होतं, आणि आईचे पाय तर जमिनीला लागतच नव्हते. मी हो म्हणणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं, मीसुद्धा. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि माझ्याकडे पाठ करून स्टोव्हला पिन मारत बसलात. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारलंत. स्टोव्ह कधीच साफ झाला होता, तरी तुमची पिन चालूच. मी नको म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं, कारण ते तोवर मला ठाऊकच नव्हतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि चहा टाकलात. आईनं आठवडाभर अबोला धरला, तो तुमच्याशी.

तसं मला पुन्हा कोणी विचारलं नाही. लग्न मी पुढे माझ्या पसंतीनं केलं, संसारही चांगला झाला. पण आमचे हे काही विचारायचे तेच मुळी उत्तर काखोटीला मारून. "बदली घ्यावी म्हणतो, काय?" मी म्हणायची, घ्या की. आता तेही नाहीत. पाव लिटर दूध घेते, तेसुद्धा उरतं. रविवारी चर्चच्या दारात कोणी "सलाम" म्हटलं की बरं वाटतं, मग पुन्हा आठवडाभर माझी मीच.

तुमचा नातू पुण्यात आहे. भाड्याचं घर बदलतोय. परवा व्हिडिओ कॉल करून म्हणाला, "आई, दोन खोल्यांचं घेऊ की तीन? तू कायमची येणार असशील तर तिसरी लागेल. तू ठरव." मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. भुवई हलते का, सूनबाई मागून काही खुणावते का. काही सापडलं नाही. तो आपला शांतपणे वाट बघत होता. तरी मी म्हणाले, "दोन पुरेत रे. मला इथंच बरं वाटतं. चर्च आहे, मैत्रिणी आहेत." मैत्रिणी कसल्या, एक गेली आणि दुसरी लेकीकडे नाशिकला. तो म्हणाला, "बघ हं, अजून विचार कर. रविवारी टोकन द्यायचंय."

तेव्हापासून विचारच करतेय, की मी असं का म्हणाले. त्याला काय आवडेल ते कळेना, तर मी सरळ नको म्हणून मोकळी झाले. नको म्हणणारी आई कोणाला जड होत नाही. हवं म्हटलं असतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जरी काही उमटलं असतं, तर ते मला बघावं लागलं असतं.

आज शनिवार. फोन इथंच आहे, त्याचं नाव सगळ्यात वर आहे, आणि मी मात्र जिथं टपाल जात नाही तिथं लिहीत बसलेय. तुम्हाला सांगणं सोपं आहे. संध्याकाळी घर खायला उठतं, पप्पा. मला ती तिसरी खोली हवी आहे.