खरी मावशी

ता. ६ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. पाकिटाला इतका डिंक लावला होतास की उघडताना पहिल्या पानाचा कोपरा पाकिटातच राहिला. फोन असताना ही बाई पत्रं कसली लिहिते, असं इथल्या पोस्टमनला नवल वाटतं. मी त्याला सांगितलं की माझ्या बहिणीला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी ती समोरच्याला बोलू देत नाही.

आम्ही दोघं आणि एकोणीस मुलं खुशाल आहोत. बालगृहाची इमारत तीच, चर्चमागची, बैठी आणि लांबलचक. या टोकाला स्वयंपाकघर, त्या टोकाला धुण्याची खोली, आणि मध्ये दिवसभर माझी धावपळ. एकोणीस मुलांचे अडतीस बूट, पण रोज सकाळी सापडतात सदतीस. अडतिसावा शोधण्यात माझी सकाळची प्रार्थना होते म्हण ना.

गेल्या आठवड्यात कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं आणि माझं डोकं फिरलं. संध्याकाळच्या प्रार्थनेत टिटवीची पाळी होती. तिने हात जोडून प्रभूला सांगितलं की मशीन दुरुस्त कर, आणि ते जमत नसेल तर निदान मावशीला तरी शांत कर. आमचे हे हसू दाबता दाबता खोकायला लागले. मशीन दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सुरू केलं. मी अजून तशीच आहे.

टिटवी तुला आठवत असेलच. आई वारलेली, वडिलांचा पत्ता नाही, अशी चार वर्षांची आमच्याकडे आली आणि तीन महिने तोंडातून शब्द काढला नाही. आता सात पूर्ण होतील आणि तोंड मिटत नाही, म्हणून हे नाव. इथली सगळी मुलं मला मावशीच म्हणतात, आपला मराठी शब्द मीच या परदेशी मुलांना शिकवला. पण टिटवी म्हणते तेव्हा मला तो नव्याने ऐकू येतो.

बाकी विशेष नाही. कोणा एका बाईचं पत्र आलं आहे, टिटवीची मावशी म्हणवते. बघू.

गुडघ्याला तेल लावत जा. प्रार्थनेत आम्हाला धरून ठेव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी


ता. १८ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम.

पत्र पोचलं. गुडघा माझा आहे, त्याची काळजी मी करते. जावईबापूंच्या खोकल्यावर मात्र औषध नको, टिटवीलाच रोज प्रार्थना करू दे.

शेजारच्या शिंपीणबाई परवा पडल्या. हाताला प्लास्टर घातलंय. तेव्हापासून त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून एका हाताने भाजी निवडतात आणि दोन माणसांचं बोलतात. मला करमतं, पण त्यांना सांगत नाही.

आता मुद्द्याचं. मी तीस वर्षं शाळेत मुलींचे निबंध तपासले. जी गोष्ट लपवायची असते ती मुली हमखास शेवटी, एका ओळीत उरकतात. तू बुटांवर लिहिलंस, मशीनवर लिहिलंस, आणि त्या बाईवर एक ओळ. पत्र कधी आलं? उत्तर पाठवलंस का? बाई करते काय, राहते कुठे? माय मरो पण मावशी उरो, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आणि त्या म्हणीतली मावशी बालगृहाची नसते गं.

लवकर आणि खरं लिही. मुलांना माझे पापे दे, सगळ्यांना सारखे.

तुझी
ताई


ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. सलाम, वि. वि.

लहानपणी मी साखरेची मूठ भरली तरी तुला पाठीवरून कळायचं. तसंच हे झालं.

त्या बाईचं पत्र मी तुला लिहिलं त्याच्या नऊ दिवस आधीच आलं होतं. मी ते ऑफिसच्या कपाटात, मुलांच्या लसींच्या कार्डांखाली ठेवलं. ह्यांनासुद्धा बोलले नाही. तुझं पत्र हातात पडेपर्यंत ते तिथेच होतं. पूर्ण एक महिना, ताई. आणि दर रविवारी मीच मुलांना हात जोडायला लावते की प्रभू, ज्यांची माणसं हरवली आहेत त्यांना ती सापडू देत. तीन वर्षं हेच मागत होते. माणूस सापडलं, तर मी त्याला कपाटात कोंबलं.

शेवटी ह्यांना सांगितलं. रागावले नाहीत. फोन आणून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः भांडी घासायला गेले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

बाई बस चालवते. तासाभरावरच्या गावात राहते. रविवारी ड्यूटी संपवून तशीच आली, अंगात गणवेश, हात चांगले रुंद, खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेली. दोघी बहिणींचं कशावरून तरी बिनसलं आणि सहा वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून ते तिला आता धड सांगताही येईना. बहीण गेल्याचं आणि मुलगी इथे असल्याचं जुन्या शेजाऱ्याकडून फार उशिरा कळलं. माझं पत्र मिळालं नव्हतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं की ऑफिसचं काम तुंबलं होतं. प्रार्थनेच्या खोलीत बसून, तोंडावर खोटं बोलले.

टिटवी आधी माझ्यामागे लपली. मग तिने हळूच विचारलं की बसचा हॉर्न ड्रायव्हरला हवा तेव्हा वाजवता येतो का. बाई म्हणाली की ये एकदा आणि तूच वाजवून बघ. झालं! उरलेला तासभर टिटवी तिच्याच शेजारी बसली.

पण घर म्हणजे एक खोली. एक आठवडा सोडून एक आठवडा ड्यूटी पहाटे पाचला. घरात दुसरं माणूस नाही. उपासनेला ती कित्येक वर्षं गेलेली नाही. हसते केवढ्याने! बालकल्याण विभागाच्या अधिकारी बाईंनी माझ्याकडे रिपोर्ट मागितला आहे, आणि त्या माझ्या शब्दावरच चालतील. सांग, अशा घरी मी पोरीला कशी पाठवू?

तुझ्या उत्तराची वाट बघते, आणि भीतीही वाटते. जीव लावला आहेस तो राहू दे.

तुझी
धाकटी


ता. १७ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ. आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझी कारणं दोनदा वाचली. सगळी खरी आहेत. पण तू आधी निकाल लावलास आणि मग साक्षीदार गोळा केलेस.

बाई उपासनेला जात नाही म्हणतेस. पहाटे पाचला पन्नास माणसं सुखरूप कामावर पोचवते, तीही सेवाच आहे. आणि मोठ्याने हसणं हा दोष असेल तर आपल्या घराण्याला आधी शिक्षा करावी लागेल.

तुला मूल झालं नाही याबद्दल मी आजवर पत्रात अक्षर लिहिलं नाही. आज लिहिते. त्या पोरीने तुला काय दिलं असेल ते मला कळतं. तुला मीच वाढवलं, मला नाही कळणार तर कोणाला? तू या सेवेसाठी परदेशी निघालीस तेव्हा चर्चच्या पाळकांनी सगळ्या मंडळीपुढे माझी स्तुती केली, की हिने आपली बहीण आनंदाने प्रभूला दिली. आनंद कसला! घरी येऊन मी आठवडाभर प्रार्थना केली नाही. त्याच्याशी अबोला धरला. आठव्या दिवशी मीच तोंड उघडलं आणि प्रभूला सांगितलं की मी तुझ्यावर रागावले आहे. त्याला ते सोसलं. तुझाही राग सोसेल. त्याला सांग, कपाटाला नको.

आणि रिपोर्टात काय लिहायचं ते तुझं तू ठरव. मात्र त्याआधी त्या बाईला महिनाभराचं खरं सांग.

रागावले नाहीये. पत्र वाचून झालं की जेव.

तुझी
ताई


ता. ४ मे

ती. ताईंना,
सा. सलाम, वि. वि.

तुमची धाकटी रिपोर्ट लिहायला बसली आहे, चौथ्यांदा, म्हणून पत्राची कामगिरी माझ्याकडे आली. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ही एकटीच बसने त्या गावच्या डेपोत गेली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. डेपोच्या कँटीनमध्ये बाईला गाठून हिने सगळं सांगितलं, पत्र कुठे ठेवलं होतं तेही. बाईने आणखी एक चहा मागवून हिच्यापुढे ठेवला. मग म्हणाली की बहीण गेल्याचं कळल्यावर पत्र लिहायचा धीर व्हायला मलाच चार महिने लागले. माझे चार, तुमचा एक. आपण दोघींनी मिळून पोरीचे पाच महिने घालवले, आता पुरे. ताई, हिने मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं की ज्या घरात असं बोलणारं माणूस आहे तिथे मूल नीट वाढेल.

रिपोर्टात हिने एक खोली, पहाटेची ड्यूटी, सगळं लिहिलंय. स्वतःची चूकही लिहिली आहे. आणि खाली शिफारस केली आहे की मुलीने मावशीकडे जावं. बाईने आमच्या गावच्या डेपोत बदली मागितली होती, ती मिळाली. ज्या आठवड्यात पहाटेची ड्यूटी असेल तेव्हा टिटवी आमच्याकडे मुक्कामाला येईल आणि इथूनच शाळेत जाईल. ही युक्ती हिचीच.

रडते अधूनमधून. मशीन चालू करून रडते, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. मुलांना वाटतं की मशीन परत बिघडलं. मी नुसता कपड्यांच्या घड्या घालायला जाऊन उभा राहतो.

तुमचा आशीर्वाद असू द्यावा. कमी-जास्त लिहिलं असेल तर हिला कळवू नये.

आपला
जावई


ता. २१ जून

ती. ताईस,
कृ. सा. सलाम, वि. वि.

टिटवी शनिवारी, सहा तारखेला गेली. मी तिची पिशवी तीनदा भरली आणि तीनदा काढली. शेवटी तिनेच मला बाजूला केलं. निघताना मुलं रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाने तिच्यासाठी एकेक वाक्याची प्रार्थना केली. एकाने प्रभूला सांगितलं की तिला सुखात ठेव आणि तिचा पलंग मला दे. खिडकीजवळचा आहे ना! मला हसू आलं, त्यामुळे रडायचं राहून गेलं.

दुपारी मी प्रार्थनेच्या खोलीत गेले आणि तू सांगितलंस तसं केलं. मोठ्याने सांगितलं की मी रागावले आहे. ताई, काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, उत्तरही आलं नाही. पण बाहेर आले तेव्हा भूक लागली होती.

मधला एक आठवडा ती इथे राहून गेली. आली ती धावत माझ्यापुढून निघून गेली, सरळ मुलींच्या खोलीत. माझ्याकडे जेवणाच्या वेळी लक्ष गेलं बाईसाहेबांचं.

काल संध्याकाळी बाईने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर खोली. भिंतीशी एक पलंग, त्याच्या पायथ्याशी नवा छोटा पलंग, कोपऱ्यात शेगडी. खुर्च्या दोनच. त्या आम्हाला दिल्या आणि मावशी-भाची पलंगाच्या कडेवर ताटल्या मांडीवर घेऊन बसल्या. बाईने सूप आणि बटाटे केले होते. टिटवीने पाव कापले होते, एक स्लाइस बोटभर, एक कागदासारखी. जेवणाआधी मी सवयीने डोळे मिटले, तर बाईनेही मिटले.

जेवण होत आलं तसे माझे हात सवयीने चालायला लागले. मी उठून ताटल्या गोळा करू लागले, तोच टिटवीने माझं मनगट धरलं आणि मला पुन्हा खुर्चीत बसवलं. म्हणाली की मावशी, तू पाहुणी आहेस, आमच्या घरी पाहुण्यांनी कामं करायची नाहीत.

आमच्या घरी, म्हणाली.

मला ते लागलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मी हात मांडीवर ठेवले आणि पाहुणीसारखी बसले. तिने मला न विचारता आणखी एक पळीभर सूप वाढलं. मीठ जरा जास्तच होतं. मी सगळं संपवलं.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी ह्यांनी विचारलं की कसं वाटतंय. मी म्हटलं, पोट भरलंय. ते हसले आणि त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

शिंपीणबाईंचा हात कसा आहे ते कळव. तुझ्या रागावण्यावर आणि मायेवर माझा हक्क आहे, तो असाच चालू दे.

तुझी
धाकटी