मालक बाहेरगावी गेलेत

तीर्थरूप थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा वाकून नमस्कार.

सगळ्यांत आधी आला तो लांब्या. (खुशाली मागाहून विचारते, आधी हे सांगून टाकते, नाहीतर विसरेन.) दारात मान वाकवून आत आला, त्याच्यामागून चष्मेवाली, आणि तिच्यामागून तो तिसरा, ज्याला मी मौनीबाबा म्हणते, कारण गेल्या चार महिन्यांत त्यानं माझ्यासमोर तोंड उघडलं ते फक्त बिस्किटासाठी. तिघंही अर्थशास्त्र शिकलेली, सरकारी नोकरीतली, आणि तिघंही माझ्या नातीला घाबरतात. हो, तीच नात, जिच्याबद्दल तुम्ही म्हणाला होतात की ही पोरगी फार प्रश्न विचारते, हिचं पुढं कसं व्हायचं. आता तिला त्याचाच पगार मिळतो.

तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका. तुमची लाँड्री चिरंजीवांच्या हाती जोरात चालली असेल. चिरंजीवांची दाढ बरी आहे ना? (लहानपणी गुरुजी दारात दिसले की दुखायची तीच.) इकडे मी मजेत आहे. चौथी शिकलेल्या बाईच्या घरात चार चार पदवीधर बसून चहा पितात, आणखी काय हवं.

तर नातीचं काम असं. ही तिघं दुकानांत, कारखान्यांत, दवाखान्यांत जातात आणि विचारतात, तुमच्याकडे कोण काय काम करतं, त्याला पगार किती, सुट्ट्या किती, आजारी पडला तर कापता का, औषधपाण्याचं काय. पगाराखेरीज हातात पडतं तेही धरायचं, त्या सगळ्याला मिळून मोबदला म्हणायचं. नात त्यांच्यावरची साहेब. त्यांनी आणलेला कागद ती वरून खाली वाचते, मग खालून वर वाचते, आणि ‘अंदाजे’ असा शब्द दिसला की कागद परत, माणूसही परत. (मी जन्मभर मीठ अंदाजानं घातलं, तिनं ताट कधी परत केलेलं नाही. ते असो.)

ठिकाणाचं नाव मात्र कुणाला सांगायचं नाही, तशी शपथ असते. घरात बोलताना नुसतं ‘एक आस्थापना’ म्हणतात. मग मी हटूनच बसले. डोक्याला तेल लावताना विचारलं, सकाळी अर्धवट झोपेत असताना विचारलं, दोन दिवस रुसूनही पाहिलं. पोरगी ढिम्म. आणि तुम्हाला ठाऊक आहे, माझ्यापुढं आजवर कुणाचं गुपित टिकलेलं नाही. तुमचंही नाही.

एवढंच कळलं की सगळी ठिकाणं पुरी झाली आणि एक राहिलंय. चिठ्ठी काढून नाव निघालेलं, त्यामुळं त्याच्याऐवजी शेजारचं घेता येत नाही. तीनदा खेटे घातले, मालक सापडत नाही. शुक्रवारी कागद वरच्या ऑफिसात जायचे. हा एक कोरा गेला तर त्या धंद्याचा आकडाच लागत नाही, आणि नातीची साहेबी अजून कच्ची आहे, सहा महिने बघू मग कायम करू असं वरच्यांनी सांगितलंय. पोरगी चार घास खाऊन उठते.

म्हणून रविवारी तिनं तिघांना घरी बोलावलं, सरावाला. आधी सोपा सराव, चष्मेवालीनं मलाच प्रश्न विचारायचे. म्हणाली, “आजी, लाँड्रीत होतात ना? पद काय होतं?” म्हटलं, घरची. “घरची हे पद नसतं आजी. करत काय होतात?” म्हटलं, इस्त्री. अकरा वर्षं, तासाला तीस शर्ट, कॉलरवर सुरकुती दिसली तर दाखव. तिनं मान खाली घालून लिहिलं, इस्त्री कारागीर, कुशल. कुशल, बरं का. तो कागद मी मागून घेतला आणि आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलाय, केस विंचरताना दिसतो. त्या क्षणी मी मनाशी पक्कं केलं, या पोरांचं काम अडू द्यायचं नाही. आज कुठल्याशा टेबलाशी जी उभी असेल, तीही कुणाच्या तरी कागदावर यायला हवी.

मग अवघड सराव. अडेल मालक हवा होता. मी म्हटलं, मी होते. नात म्हणते, “तुला जमेल?” तुमच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेल्या बाईला विचारते, जमेल का.

मी खुर्चीत बसले. लांब्या आला, तशी मीच सांगितलं, मालक बाहेरगावी गेलेत. चष्मेवाली आली, तर ओला टॉवेल गालाला धरून नुसतं कण्हले. मौनीबाबा आला, तोवर मी मागच्या दारानं पसार, आणि जाताना दाराला खालून एक लाथ, कारण आमचं दार नीट उघडतं पण लाथेशिवाय नक्कल पुरी होईना. (कुणाची, ते विचारू नका.)

हसत आत आले तर कुणी हसत नव्हतं. लांब्या चष्मेवालीकडे बघतोय, चष्मेवाली जमिनीकडे. आणि मौनीबाबा बोलला. “आजी, तुम्ही तिथं होतात का?”

“चहा निवतोय,” नात म्हणाली आणि गॅस बघायला गेली. गॅस बंदच होता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बाकी सगळीकडे ती एकदा तरी त्यांच्याबरोबर जाऊन येते, या एका ठिकाणी तिनं पाऊल टाकलेलं नाही. नात्यातलं ठिकाण असलं की साहेबानं जायचं नसतं म्हणे. मी काही विचारलं नाही. तिनं काही सांगितलं नाही. शपथ तिची आहे, माझी नाही, तरी नाव मीही लिहीत नाही.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जपा.

तुमची धाकटी

ता. क. पत्र सहजच लिहिलं, काम काही नाही. फोन केला असता, पण तो चिरंजीव उचलतात.

ता. क. दुसरा. ही माणसं टॅक्सवाली नव्हेत. जे गुपित मला फोडता आलं नाही, ते दुसऱ्या कुणापुढं काय फुटणार. चिरंजीवांना हे सांगा, किंवा सांगू नका, ऐकायला ते जागेवर बसले पाहिजेत.

ता. क. तिसरा. तेव्हा लाँड्रीच्या मागच्या दाराला, ज्याला खालून लाथ मारावी लागते, त्याला कुलूप घाला. किल्ली तुमच्या उशीखाली असते, मला माहीत आहे. पुढच्या दारात खुर्ची टाकून तुम्ही स्वतः बसा. दाढ खरीच असेल तर दातांच्या डॉक्टरांचा संध्याकाळचा नंबर मी लावून ठेवलाय. जमणार नसेल तर कळवा, मी मुक्कामाला येते, महिनाभराचे कपडे बांधून ठेवलेत. लांब्या सांगून गेलाय, ते पुन्हा येणार गुरुवारी, सकाळी अकराला.