आपल्या हयातीत काही होत नाही

१ मे २०१८, मंगळवार. घाटंजी.
आजपासून रोजनिशी नियमित. निवृत्तीनंतर ही तिसरी सुरुवात, पण यावेळी विषय आहे. ओट्यावर थर्मामीटर टांगला. तीस वर्षे भूगोल शिकवला. ग्लोबल वॉर्मिंगचा फुगा फोडायला माझ्याहून लायक माणूस तालुक्यात नाही. दुपारी दोनला ४४. खिळा उन्हाच्या बाजूला ठोकला गेला असावा.

२ मे
थर्मामीटर घरात आणला, माठामागे ठेवला. ४१. विज्ञानात सावलीतलेच तापमान धरतात. बसंतीबाई म्हणाली, माठातच बुडवा ना, अजून उतरन. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला शास्त्र शिकवता आले नाही.
कूलर घ्यायचा नाही, हा निर्णय कायम. तत्त्वाचा प्रश्न आहे. ती मात्र दुपारभर शेजारी भगत सरांकडे, त्यांच्या पत्नी मथुराबाईंसोबत कूलरपुढे बसते. घरातूनच फितुरी.

६ मे, रविवार
वाचनालयाने २० तारखेला वादविवाद ठेवला. विषय : 'तापमानवाढीचे गंभीर परिणाम आपल्या हयातीत दिसतील का?' 'होय'च्या बाजूने शेजारचे नागोराव भगत. 'नाही'च्या बाजूने मी. नागोराव आमच्याच शाळेत चित्रकला शिकवत. चित्रकलेचा माणूस हवामानावर बोलणार! अठ्ठावीस वर्षे स्टाफरूममधला प्रत्येक वाद त्यांनी जिंकला, तोही हळू आवाजात. त्या आवाजाचीच मला चीड येते. यावेळी नाही.

९ मे
साळा नेमसिंग आला. गेल्या साली बोंडअळीने त्याची सगळी कपाशी खाल्ली. म्हणतो, भाऊजी, पाऊस पाह्यजे तवा येत नाही, नको तवा येते, आभाळच बिघडलं. मी पाऊण तास समजावले की दोष बियाण्याचा, आभाळाचा नाही. तो मन लावून ऐकत होता. नंतर पाहिले तर झोपला होता. मुद्दा पक्का आहे, भाषणात घेतो.

१३ मे
आज डाव टाकला. कार्यक्रम सकाळी आठचा होता. मी वाचनालयाच्या कमिटीत म्हटले, दुपारी एकला घ्या, टिनाच्या हॉलमध्ये. उन्हाने माणसे मरत असतील तर सर्वांसमोर दिसेलच. सगळे हसले. नागोराव हसले नाहीत. म्हणाले, चव्हाण सर, काहून हट्ट करता, म्हातारे लोक येतीन, सकाळीच राहू द्या. मी म्हटले, भेता का? मग हरलो म्हणा. त्यांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिले. मग म्हणाले, बरं, येतो मी.
अर्धे तर इथेच जिंकलो.

२० मे, रविवार. संध्याकाळी सात.
विजेत्याचा कप मिळाला.
पेपरात पारा पंचेचाळीस. श्रोते एकोणीस. लाइन गेली, पंखे बंद. आधी नागोराव बोलले. म्हणाले, मी नोकरीत लागलो तवा एप्रिलात चित्रकलेचा पेपर लिंबाखाली घेत होतो, आता मार्चातच पोरं भोवळ येऊन पडतात. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मग अर्धेच म्हणाले. मला वाटले, मुद्दे संपले. खाली बसले तेव्हा चेहरा लाल, पण अंगावर घामाचा थेंब नाही. हे मी पाहिले होते. माझी पाळी होती. पंधरा मिनिटे बोललो. टाळ्या वाजल्यावर वळलो, तर ते खुर्चीवरून घसरलेले.
ग्रामीण रुग्णालयात नेले, तिथून यवतमाळला पाठवले. गाडीत मी त्यांचे पाय धरून होतो. एकाच हाताने. दुसऱ्या हातात कप, गडबडीत कुणीतरी दिलेला.

२१ मे
डॉक्टर उष्माघात म्हणतो. डॉक्टर तरुण आहे. नागोरावांना बीपी आहे, त्यांच्या घरी गोळ्या मी पाहिल्यात. उपाशीही आले असतील. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही.

२२ मे
सकाळी नागोराव गेले.

२४ मे
मथुराबाईंना भेटलो. म्हटले, बीपीचे दुखणे वाईट. त्या म्हणाल्या, त्यायले बीपी नवता, सर. मले आहे. गोळ्या माह्या.
मग आपणहून म्हणाल्या, म्या म्हटलं होतं, नका जाऊ या उन्हात. तर म्हणे, चव्हाण सर एकटेच बोलतीन, बरं नाही दिसत.
चहा न घेता उठलो.

२९ मे
बसंतीबाई आता दुपारी शेजारी जात नाही. घरातच भिंतीला टेकून, पदराने वारा घेत बसते. म्हटले, कूलर आणतो. म्हणाली, कायले? आज म्हणाली, वेळ तुमीच ठरवली. मी म्हटले, कमिटीने ठरवली. ती उठून स्वयंपाकघरात गेली.
संकल्प : पुढल्या वर्षी कार्यक्रम सकाळीच घ्या, असे वाचनालयाला पत्र लिहायचे.

३ जून
पत्र लिहिले नाही. असे पत्र म्हणजे कबुली समजतात लोक. पाऊस पडल्यावर लिहीन.

१५ नोव्हेंबर
रोजनिशी मध्यंतरी राहिली. कामे होती.
पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. दरवर्षी नागोराव आणि मी जात असू, माझ्या गाडीवर. फॉर्मवर 'मी हयात आहे' असे छापलेले असते, खाली फक्त सही करायची. पेन नीट चालेना, दोनदा गिरवली.
निघताना दारातला वॉचमन म्हणाला, दुसरे सर नाही आले? मला सांगता आले असते. मे महिन्यात गेले, उन्हाने गेले, मीच बोलावले होते. तोंडातून निघाले, बाहेरगावी आहेत.
तो म्हणाला, तीस तारखेच्या आत घेऊन या त्यायले, नाही त पेन्शन बंद होते.
हो, सांगतो, म्हणालो.